दादांचं एस्टिमेट

एक मे हा आमच्या घरी तिहेरी सण. महाराष्ट्र दिन, कामगार दिन आणि कामगार संत योसेफ यांचा सण. पहिले दोन सगळ्यांना ठाऊक असतात. तिसरा पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये नेमून दिला. कामगारांचा दिवस सगळाच्या सगळा लाल झेंड्याच्या हवाली करायचा नाही, हा त्यामागचा हिशेब. दादांना त्या राजकारणाशी देणंघेणं नव्हतं. हाताने काम करून पोट भरणारा एक संत कॅलेंडरात आहे, एवढं त्यांना पुरेसं होतं. त्या दिवशी साइट बंद, मजुरांची हजेरी पूर्ण, सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आणि दुपारी घरी मटण. जेवायला मुकादमापासून वॉचमनपर्यंत सगळे. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "मागच्या महिन्याचं बिल अजून निघालं नाही, आणि यांचा संत आला जेवायला."

दादा म्हणजे माझे वडील. गेल्या पावसाळ्यात गेले, ऐंशी ओलांडून. बिगारी, मग गवंडी, मग मिस्त्री, मग लेबर कॉन्ट्रॅक्टर आणि शेवटी स्वतः घरं बांधून देणारे, असा त्यांचा प्रवास. शिक्षण मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत. नातवंडं त्यांना आबा म्हणत, साइटवरचे लोक काका, आणि आई कधीच नावाने नाही. राग आला की "ओ मिस्त्री".

त्यांच्या मागे वह्या राहिल्या. लाल कापडी पाठीच्या, लांबट, किराणा दुकानात उधारीला वापरतात त्याच. प्रत्येक पानाच्या माथ्यावर बारीक अक्षरात 'ये. मा. यो.' म्हणजे येशू, मारिया, योसेफ. हे बोर्डिंगातलं वळण. पाटीवर बेरीज मांडायची तरी आधी ही तीन अक्षरं. त्याखाली मजुरांची हजेरी, सिमेंटची किती पोती उतरली, वाळू किती ब्रास, दहा एमएमची सळई किती, बारा एमएमची किती. आणि समासात जागोजागी, कधी पेन्सिलीने, कधी लाल शाईने: 'लूक १४'.

बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय चर्चमध्ये फार गाजणारा नाही. त्याच्या पुढचाच पंधरावा, उधळ्या पुत्राचा, सगळ्यांना पाठ असतो. दादांचा मात्र चौदाव्यावर जीव. कारण त्यात एस्टिमेट आहे. येशू विचारतो, तुमच्यापैकी कोणाला बुरूज बांधायचा असेल तर तो आधी बसून खर्चाचा अंदाज काढणार नाही का? नाहीतर पाया घालून काम अडकलं तर बघणारे हसतील, म्हणतील, या माणसाने बांधायला घेतलं पण याच्याने पुरं झालं नाही. सबंध बायबलात देवाने बांधकामाचा इतका व्यवहारी सल्ला दुसरीकडे कुठे दिलेला नाही, असं दादांचं ठाम मत. कोणी घर बांधायला बोलावलं की ते आधी या ओळी सांगत आणि मग आकडा. समोरचा हिंदू असो, मुसलमान असो, ओळी ऐकून घ्याव्याच लागत.

आमचं मूळ गाव राहुरी तालुक्यात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगर जिल्ह्यात जेझुइट या कॅथलिक संघाचे जर्मन फादर आले, पुढे स्विस आले. त्याच तालुक्यात केंदळ आहे, जिथे फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये 'निरोप्या' मासिक सुरू केलं. पुढे ते पुण्याचे बिशप झाले. दादांचं वाचन 'निरोप्या'वरच पोसलं. पुण्यात आल्यावरही वर्गणी कधी चुकली नाही, वीजबिल चुकलं. आमच्या वस्तीत १९५६ नंतर एकाच भावकीतल्या काही घरांवर निळा झेंडा चढला आणि काही घरांच्या चौकटीवर आधीपासूनचा क्रूस राहिला. लग्नकार्यात पंगत एकच. दादा लहानपणी मिस्साला सेवक म्हणून उभे राहत तेव्हा प्रार्थना लॅटिनमध्ये असे. अर्थ न कळता सगळी पाठ. साठच्या दशकात व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, तेव्हा त्यांना म्हणे दोन-तीन महिने चुकल्यासारखं वाटत होतं. "देवाला एकदम आपलं सगळं कळायला लागलं," असं ते म्हणत. तक्रार होती की कौतुक, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

गवंडीकाम त्यांना एका स्विस ब्रदरने शिकवलं. फादर नव्हे, ब्रदर; म्हणजे व्रत घेतलेला, पण पुरोहित नसलेला. मिशनच्या विहिरी, शाळेच्या खोल्या, गोठे यांची देखरेख करणारा. त्याला मराठीतले मोजकेच शब्द येत, आणि त्यांतले दोन होते 'तिरपं' आणि 'पाड'. प्रत्येक थराला ओळंबा लावायचा, आणि दोरी भिंतीपासून गव्हाच्या दाण्याएवढी सुटली तरी तो बूट लावून थर ढकलून द्यायचा. जाताना त्याने दादांना स्वतःचा पितळी ओळंबा दिला. तो आज माझ्या टेबलावर आहे असं लिहायला छान वाटलं असतं, पण तो फार पूर्वीच येरवड्याच्या एका साइटवरून चोरीला गेला. दादा रविवार पेठेत गेले आणि दुसरा घेऊन आले.

मुळा धरणाच्या कामावर त्यांनी मुरूम वाहिला. मग १९७२ चा दुष्काळ आला. सरकारी कामावर खडी फोडायची, मुलांना सुकडी, रेशनला तांबडा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. आई सांगते, त्या मिलोच्या भाकरीला ना चव ना चिवटपणा, तव्यावरच मोडायची. तेव्हा दोघं एसटीने पुण्याला आली. येरवड्यात भाड्याची खोली, नंतर वडगाव शेरीत अर्धा गुंठा जागा. पूल ओलांडताना दादांनी नदीचं नाव विचारलं आणि कोणीतरी सांगितलं, मुळा-मुठा. त्यांना हसू फुटलं. एक मुळा आटली म्हणून घर सोडलं, तर दुसरी दारात.

सुरुवातीची कामं पेठांतल्या वाड्यांच्या डागडुजीची. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं त्याला दहा-बारा वर्षं होऊन गेली होती, तरी नदीकाठच्या पेठांमध्ये घरमालक भिंतीवर हात ठेवून सांगत, पाणी इथवर होतं. मातीत रचलेल्या भिंती कशा बसल्या आणि चुन्यात बांधलेल्या कशा तगल्या, हे दादांनी तिथे ऐकलं आणि उकरून पाहिलं. जुन्या चुन्याच्या कामाबद्दल ते आदराने बोलत. वाड्यातल्या आजीबाई चहाचा कप बाहेर ओट्यावर आणून ठेवत, त्याबद्दल बोलत नसत. नाना पेठेतलं सिटी चर्च ज्या जागेवर आहे ती जागा सवाई माधवरावांच्या काळात पेशव्यांनी दिली, हे मात्र ते अशा घरांत आवर्जून सांगत. "आमचं देऊळ तुमच्या पेशव्यांच्या जागेवर," म्हणत आणि कप विसळून परत देत.

तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. छोट्या कॉन्ट्रॅक्टरने अर्ज करायचा आणि वाट बघायची. सिमेंटच्याच प्रकरणात १९८२ च्या जानेवारीत अंतुल्यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं आणि त्यानंतर लगेच नियंत्रण सैल झालं. दादांच्या वहीत त्या साली एकदम पोत्यांचे आकडे वाढतात, आणि आमच्या घरी पहिला पंखा येतो.

स्वतःच्या घराचं एस्टिमेट मात्र त्यांचं चुकलं, आणि ते सगळ्या वडगाव शेरीच्या डोळ्यांदेखत. दोन मजले धरले होते. एक झाला आणि पैसे संपले. वरच्या मजल्यासाठी कॉलममधून काढून ठेवलेल्या सळया गच्चीवर तशाच उभ्या राहिल्या, पुढची वीस-एक वर्षं. दादा दर दिवाळीआधी त्यांना सिमेंटचं पाणी फासत, गंज लागू नये म्हणून. आम्ही त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालायचो. कोणी पाहुणा गच्चीवर चढला की आई शांतपणे म्हणे, "लूक, चौदा." दादा खाली उतरून जात.

पैसे का संपले, त्याचंही कारण वह्यांत आहे. नव्वदच्या दशकात नगर रस्त्याला भाव आला. शेतं गेली, सोसायट्या आल्या. एका बिल्डरकडे दादांना तीन इमारतींचं काम मिळालं. आमच्या दृष्टीने लॉटरीच. पहिल्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर निरोप आला, कॉलमच्या रिंगा सहा इंचांवर कशाला, नऊवर घ्या. रिंग म्हणजे उभ्या सळयांना आडवं कवळून धरणारी बारीक सळई. ती कमी केली तर उद्या काही होत नाही. परवाही नाही. काँक्रीट पडलं, गिलावा झाला, रंग लागला की कोणाच्या बापाला दिसत नाही. दादांनी काम सोडलं. वरच्या हिशेबाचे पैसे अडकले ते अडकलेच, मजुरांचे मात्र खिशातून द्यावे लागले आणि आईच्या पाटल्या गहाण गेल्या.

या गोष्टीला चर्चमधले लोक त्यांच्या श्रद्धेचा पुरावा म्हणून सांगतात. मला ती तशी सांगता येत नाही, कारण मी पाटल्या पुड्यात बांधताना आईचा चेहरा पाहिला आहे. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "गिलाव्याआतलं देव बघतो, मान्य. गिऱ्हाईक बघत नाही, तेही मान्य. दुकानदार बघतो ना पण." पाटल्या सुटायला फार वर्षं लागली. दादांची भक्ती ओठांवर कमी आणि झाकल्या जाणाऱ्या कामात जास्त होती, हे खरं. पण तिचा खर्च नेहमी एकाच माणसाच्या हातातून उतरायचा, हेही तितकंच खरं. दोन्ही एकाच वहीत मांडलेलं बरं.

रविवारी काम बंद. याला अपवाद एकच, पाणी मारणं. सिमेंटला पाणी लागतं. पहिल्या सात दिवसांत सुकलं तर ताकद गेली ती गेली. दादा सात नाही, चौदा दिवस मारायला लावत. भिंतीला सकाळ-संध्याकाळ, स्लॅबवर मातीची आळी करून तळं. पूर्ण ताकद २८ दिवसांवर मोजतात. "सिमेंटला अठ्ठावीस दिवस, माणसाला चाळीस," असं ते उपवासकाळात म्हणत. पण रविवारी पाणी मारणं हे काम की नाही? एका तरुण फादरनी हटकलं तेव्हा दादांनी पुन्हा चौदावा अध्यायच काढला. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला येशू परुश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुद्यांना, विचारतो, शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी तुमचा बैल विहिरीत पडला तर लगेच बाहेर काढणार नाही का? "फादर, माझा स्लॅब विहिरीत पडलाय असं समजा." मग मिस्सा सुटल्यावर ते चर्चचे कपडे न बदलता साइटवर जात, पँट दुमडून पाइप धरत. वॉचमनला सांगितलं असतं तर त्याने केलं असतं. पण रविवार वॉचमनचाही आहे ना, हा मुद्दा. मग आम्ही मुलं पाइप धरायचो. आमचा रविवार होता की नव्हता, यावर शास्त्रात काही सापडलं नाही.

स्लॅबच्या दिवशी काम थांबवता येत नाही. सकाळी मिक्सर सुरू झाला की शेवटचं घमेलं पडेपर्यंत, मग रात्रीचे दहा वाजोत. थांबलं तर तिथे सांधा राहतो आणि पावसाळ्यात नेमकं तिथून पाणी झिरपतं. मजूर गुलबर्ग्याकडचे, यादगीरचे, बीड-परभणीचे; मिक्सरला हार घालून नारळ फोडत. दादा बाजूला टोपी काढून उभे राहत, मनात 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणत, आणि मग सगळ्यांबरोबर खोबरं खात. रात्री स्लॅबचं जेवण. ते मालकाकडून असतं ही रीतच आहे, पण दादा मालकाने दिलेल्या पैशांत आपले घालून नात्यागोत्याला न बोलावता रस्त्यावरच्या दोन-चार जणांना ओढून आणत. अर्थात अध्याय तोच. मेजवानी देशील तेव्हा गरिबांना, लंगड्यांना, आंधळ्यांना बोलाव; त्यांच्याकडे तुझी फेड करायला काही नाही, म्हणून तू धन्य.

हे फेडीचं त्यांनी फारच मनावर घेतलं होतं. शुभ शुक्रवारी दुपारी, क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीची प्रार्थना, करून आले की ते वही काढत आणि येणं असलेल्यांपैकी एकाच्या नावावर आडवी रेघ मारत. दरवर्षी एक. ज्याच्याकडून यायची शक्यता सगळ्यात कमी तो नव्हे, ज्याला द्यायची सगळ्यात जास्त लाज वाटते तो. आई त्या दिवशी उपासाने आधीच वैतागलेली असे. एका वर्षी तिने वहीच पिठाच्या डब्यात लपवली होती.

थोरल्या भावाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी घरात मोठं वादळ झालं. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या आदेशाने फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. आमच्याच भावकीतला चुलत भाऊ, तेच आडनाव, त्याच विहिरीवर पाणी नाकारलेले तेच आजोबा. त्याला सवलत होती, आम्हाला नव्हती. गावाकडे कितीतरी घरांत शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि भिंतीवर दुसरा असतो. पोटासाठी आहे, त्यात मला काहीही गैर वाटत नाही. आईचं म्हणणं, आपणही दाखला जुन्या नावाने काढू. दादांनी फॉर्मवर स्वच्छ अक्षरात 'ख्रिस्ती (कॅथलिक)' लिहिलं आणि सही केली. भावाला डिप्लोमावर समाधान मानावं लागलं. त्याने पुढे दादांहून कितीतरी पटीने पैसा कमावला, पण हा विषय निघाला की त्याचा आवाज अजून चढतो. देशाने एकाच घराचे कागदावर दोन तुकडे केले, आणि दादांनी त्याचं उत्तर आपल्या मुलाच्या पदरात घातलं. मी दोघांनाही माफ करायला तयार नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन. दादा चर्चमार्फत गेलेल्या लोकांबरोबर तिकडे गेले, ढिगारे उपसायला आणि नंतर तात्पुरत्या निवाऱ्याला. परत आले ते बोलेनासे झाले. खूप दिवसांनी तुकड्यातुकड्यांत सांगितलं. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, पण मातीत रचलेल्या, वर माळवदाचा जड भार. बाहेरच्या बाजूला एक थर, आतल्या बाजूला एक, मध्ये गोटे आणि माती, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगडच नाही. भिंत हलल्यावर मधून फाटून उघडली. झोपलेल्या माणसांवर. "मी पण अशा बांधल्यात," दादा म्हणाले. "गावाकडं. म्या बांधल्यात."

त्या रविवारी ते मिस्साला गेले, पण कम्युनियनसाठी, म्हणजे पवित्र भाकर घ्यायला, उठले नाहीत. नंतरचेही काही रविवार नाहीत. शेवटच्या बाकावर, नेहमीच्याच जागी, बसून राहत. (सगळ्यात खालच्या जागी बस, हेही चौदाव्यात आहे, पण दादांच्या बाबतीत खरं कारण असं की बूट सिमेंटचे असायचे.) फादर घरी येऊन गेले. काय बोलणं झालं ते कधी कळलं नाही. मग एका रविवारी उठले, रांगेत लागले. पण त्या वर्षाच्या डिसेंबरात ते राहुरीला गेले आणि तरुणपणी बांधलेली एक-एक भिंत जाऊन पाहून आले. लोकांना सांगत फिरले, खिडक्या-दारांच्या वरून सगळ्या घराला एकसंध काँक्रीटचा पट्टा फिरवून घ्या, कोपऱ्यात सळया गुंतवा. दोघा-तिघांनी ऐकलं. बाकीच्यांनी चहा पाजला.

भावाने लग्न केलं ते कचेरीत. मुलगी आमच्यातली नव्हती. चर्चमध्येही असं लग्न परवानगी घेऊन लागू शकतं, फादर तयार होते, पण भावालाच नको होतं. जुना राग होताच. दादा त्याच्या घरी पाणीसुद्धा प्यायले नाहीत, कित्येक वर्षं. ज्यांच्या हातून चहा बाहेर ओट्यावर मिळाला त्यांच्याबद्दल एक शब्द न बोलणारा हा माणूस आपल्या सुनेच्या उंबऱ्यावरून परत फिरायचा. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियेच्या, यात्रेला जायचे आणि तिथे म्हणे मुलासाठीच मेणबत्ती लावायचे. मेणबत्तीपेक्षा खराडीला जाणारी बस स्वस्त होती, हे मी त्यांना एकदा सांगितलं. उत्तर आलं नाही.

पुतणी झाली आणि सगळं ढासळलं. पहिल्यांदा तिला पाहायला गेले ते ओळंबा खिशात घेऊन; सवयीने राहिला असेल. भावाच्या नव्या फ्लॅटच्या भिंतीला लावला, तोंड वाकडं केलं, आणि मग हात धुऊन नातीला घेतलं. सुनेने पाण्याचा तांब्या पुढे केला. प्यायले. पुढे ती पोरगी शाळा सुटली की वडगाव शेरीतच असायची. दादांनी तिला गच्चीवर विटा रचायला शिकवलं, वीट आधी पाण्यात बुडवायची, बुडबुडे थांबले की काढायची. सळईचं वजन काढायचं सूत्र शिकवलं: व्यासाचा वर्ग भागिले एकशे बासष्ट, आलेलं उत्तर मीटरला किलो. बारा एमएमचं काढ. एकशे चव्वेचाळीस भागिले एकशे बासष्ट, म्हणजे नऊशे ग्रॅमच्या जरा आत. पाढे पाठ नसलेली मुलगी हे धडाधड सांगायची.

संध्याकाळी आठला जपमाळ, आणि आयपीएल नेमकं तेव्हाच. तोड निघाली ती अशी की टीव्हीचा आवाज बंद, चित्र चालू, आणि माळेचं प्रत्येक दशक, म्हणजे दहा मणी, संपलं की नातीने स्कोअर वाचून दाखवायचा. संत योसेफ अख्ख्या शुभवर्तमानात एक शब्द बोलत नाहीत, हे दादांनी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आबा, तुम्ही कशाला एवढं बोलता?"

गच्चीवरच्या सळयांवर मजला चढला तो भावाच्या पैशाने. दादांनी आधी घासून, ठोकून, वजन करून पाहिल्या. काही कापून नव्या जोडायला लावल्या. ऐंशीच्या उंबरठ्यावरचा म्हातारा परांचीवर चढतो म्हणून भाऊ खाली उभा राहून ओरडत होता, आणि ते वरून फिटरला ओरडत होते, रिंगा सहावर, सहावर. त्या दिवशीचं जेवण वहिनीने केलं. आईने पाहुण्यांसमोर लूक म्हणायचं बंद केलं, ते तेव्हापासून.

शेवटचं आजारपण फार लांबलं नाही. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. फादर आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल लावून गेले, आम्ही सगळे होतो. चर्चमध्ये यादगीरचे, बीडचे लोक मागच्या बाकांवर दाटीने बसले होते. कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते पूर्ण वेळ उभेच राहिले. फादरनी अपेक्षेप्रमाणे मत्तयचा सातवा अध्याय घेतला: शहाण्याने खडकावर घर बांधलं, मूर्खाने वाळूवर. माझ्या शेजारी भाऊ हसू दाबत होता. कारण या दाखल्याला दादांची हरकत होती, आणि ती घरात सगळ्यांना पाठ होती. एक तर वाळू बिचारी तेवढी वाईट नाही; वाईट ती आपली काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि घर वर-खाली करते. आणि दुसरं, खडक किती फुटांवर लागला ते मत्तय सांगत नाही. तोच दाखला लूकच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि तिथे स्पष्ट लिहिलंय, त्याने खोल खणलं आणि मग खडकावर पाया घातला. "लूकनं खणाईची मजुरी धरलीय," दादा म्हणायचे. "मत्तय जकातदार होता, त्याला साइट काय ठाऊक."

महिन्याच्या मिस्सेनंतर एक गृहस्थ घरी आले. चंदननगरला त्यांचं घर दादांनी बांधलेलं. हातात पाकीट. जुने राहिलेले पैसे म्हणाले, आता मुलगा कमावतो, ठेवून घ्या. मी वही काढली. त्यांच्या नावावर आडवी रेघ होती, शेजारी शुभ शुक्रवारची तारीख. भाऊ म्हणाला, दादांनी हे सोडलेलं आहे, आम्हाला घेता येणार नाही. ते म्हणाले, त्यांनी सोडलं असेल, मला कुणी सांगितलं नव्हतं. पाकीट टीपॉयवर, कोणी हात लावेना. भाऊ आणि ते गृहस्थ दोघेही अवघडून उभे.

आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. खुर्ची ओढून बसली, पाकीट उघडलं, नोटा मोजल्या. पुन्हा एकदा मोजल्या.

"यात जिन्याच्या सिमेंटचे धरलेत का? ती वीस पोती वेगळी होती."

गृहस्थांनी खिसा चाचपला. धरले नव्हते, म्हणाले, पुढच्या आठवड्यात आणून देतो. आईने वही माझ्या हातून घेतली, रेघेखाली आपल्या मोठ्या, तिरक्या अक्षरात 'जमा' लिहिलं, पुढे 'सिमेंट बाकी' लिहिलं, आणि वही मिटून त्यांना विचारलं, चहात साखर चालते ना.